सोडियम १०९ आणि पहाटे तीनची युरोबॅग

पार्श्वभूमी

रुग्ण ६८ वर्षांच्या आजी, वजन ४६ किलो. ओळख पटू नये म्हणून वय आणि वेळा थोड्या इकडेतिकडे केल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे.

तीन आठवड्यांपूर्वी रक्तदाबासाठी त्यांना हायड्रोक्लोरोथायझाइड २५ मिलिग्रॅम रोज एक अशी गोळी सुरू झाली होती. मग तीन दिवस उलट्या आणि जुलाब झाले. अंगातले पाणी कमी पडू नये म्हणून घरच्यांनी न कंटाळता साधे पाणी पाजले, दिवसाला तीन लिटरच्या आसपास. खाणे जवळजवळ बंद होते आणि रक्तदाबाची गोळी चालूच होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आजी असंबद्ध बोलू लागल्या, तेव्हा त्यांना दवाखान्यात आणले.

आल्या तेव्हा रक्तदाब १०४/६६, नाडी ९८, जीभ कोरडी, ताप नाही, साखर ११८. प्रश्नांना उत्तरे देत होत्या, पण उशिरा, आणि वार चुकीचा सांगत होत्या. रात्री ८ वाजता रक्त घेतले. ०.९ टक्के सलाईन आणि उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉनचे इंजेक्शन सुरू झाले. पावणेनऊला रिपोर्ट आला: सोडियम १०९, पोटॅशियम २.७, मॅग्नेशियम १.४, क्रिएटिनिन ०.७. रक्ताची ऑस्मोलॅलिटी (पाण्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण) २२८, लघवीची ४१०, लघवीतले सोडियम ३४.

सोडियम आणि पोटॅशियमचे आकडे इथे मिलिमोल प्रति लिटरमध्ये आहेत. या दोघांच्या बाबतीत मिलिमोल आणि मिलिइक्विव्हॅलंट एकच, त्यामुळे वॉर्डात काहीही म्हटले तरी चालते. सोडियमची नेहमीची पातळी १३५ ते १४५, पोटॅशियमची ३.५ ते ५, ऑस्मोलॅलिटीची २७५ ते २९५.

शरीरात काय चालले होते

विद्यार्थिनींना हे प्रकरण दिले की पहिला प्रतिसाद ठरलेला असतो: "मीठ कमी झालंय, मीठ द्या." इथेच थोडे थांबावे लागते. सोडियमचा आकडा म्हणजे शरीरातले एकूण मीठ नव्हे. मीठ आणि पाणी यांचे प्रमाण काय आहे, एवढेच तो सांगतो. पोटॅशियमही या हिशेबात धरावे लागते. पेशींच्या आत पोटॅशियम, बाहेर सोडियम आणि दोन्हींकडे पाणी मोकळेपणाने जाते-येते, म्हणून रक्तातला सोडियमचा आकडा शरीरातल्या सोडियम आणि पोटॅशियमच्या बेरजेला एकूण पाण्याने भागल्यासारखा वागतो. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. पहाटे तीन वाजता त्याचीच गरज पडली.

वयस्कर स्त्रीच्या शरीरात वजनाच्या साधारण ४५ टक्के पाणी असते. आजींचे मिळून सुमारे २१ लिटर. त्यातले १४ लिटर पेशींच्या आत, ७ लिटर बाहेर, आणि बाहेरच्यातले जेमतेम पावणेदोन लिटर रक्तद्रवात. ज्या रक्तवाहिनीत आपण सुई घालतो, तिथे एकूण पाण्याचा जेमतेम बारावा भाग असतो.

एरवी माणूस तीन लिटर पाणी प्यायला तर मूत्रपिंडे ते बिनबोभाट बाहेर काढतात. रक्त पातळ झाले की मेंदूतला हायपोथॅलॅमस एडीएच हे संप्रेरक थांबवतो, मूत्रपिंडातल्या संग्राहक नलिकांच्या भिंतीतल्या पाण्याच्या वाटा बंद होतात आणि लघवी पाण्यासारखी होते. आजींमध्ये तसे झाले नाही. ऑस्मोलॅलिटी २२८ असताना लघवीची १०० च्या खाली हवी होती. ती ४१० होती. म्हणजे एडीएच जोरात चालू होते. कारणे दोन. जुलाब-उलट्यांनी रक्ताचे आकारमान घटले होते, आणि आकारमान वाचवायची वेळ आली की शरीर पातळपणाची पर्वा करत नाही. दुसरे कारण मळमळ. मळमळीने एडीएच किती वाढते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. त्यात थायझाइडची, म्हणजे रक्तदाबाच्या त्या गोळीची, भर. ही औषधे दूरस्थ नलिकेतला सोडियम-क्लोराइडचा वाहक अडवतात. लघवी पातळ करण्याच्या कामाचा एक भाग तिथे होतो, पण लघवी दाट करण्याची मूत्रपिंडाची क्षमता मात्र शाबूत राहते. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारे दुसरे औषध ही क्षमताही कमी करते. त्याच्यापेक्षा थायझाइडने सोडियम जास्त वेळा उतरते ते यामुळे, आणि कमी वजनाच्या वयस्कर स्त्रियांत, गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, हे विशेषकरून दिसते. आजी या वर्णनात अगदी चपखल बसत होत्या.

बाहेरचे रक्त पातळ झाले की पाणी पेशींत शिरते. बाकीच्या पेशी फुगल्या तरी जागा असते. मेंदू कवटीत कोंडलेला. तो बचाव म्हणून काही तासांत आतले क्षार बाहेर टाकतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत ग्लुटामेट, टॉरिन, मायोइनॉसिटॉल असे सेंद्रिय घटकही बाहेर सोडतो. त्यामुळे सूज आटोक्यात राहते. पण मग हा मेंदू पातळ रक्ताला सरावलेला असतो. रक्त झपाट्याने दाट केले तर गमावलेले घटक त्याला तितक्या वेगाने परत मिळवता येत नाहीत, पेशी आक्रसतात आणि मज्जातंतूंवरचे मायलिनचे आवरण झडते. १९५९ मध्ये हा विकार पहिल्यांदा नोंदला गेला. लक्षणे त्याच दिवशी दिसत नाहीत, दोन ते सहा दिवसांनी उगवतात: बोलणे जड, गिळताना ठसका, हातापायांतला जोर जाणे. पोटॅशियम कमी असेल आणि खाणे तुटलेले असेल तर धोका जास्त. आजींना दोन्ही लागू होते.

पहिला निर्णय: झोप की ग्लानी

सव्वानऊला आजी वरच्या वॉर्डात गेल्या. हँडओव्हरमध्ये, म्हणजे रुग्ण सोपवतानाच्या नोंदीत, एक ओळ होती: पेशंट झोपलेले, शांत. वय ६८, तीन दिवसांचा त्रास, रात्रीची वेळ. झोप लागणे साहजिक वाटले. कुणी उठवून पाहिले नाही.

९.४० ला झटका (फिट) आला. पन्नास सेकंद टिकला आणि आपोआप थांबला. कुशीवर वळवले, तोंड साफ केले, ऑक्सिजन लावला.

खरे तर रिपोर्ट हातात आल्यापासून झटक्यापर्यंत ५५ मिनिटे होती. सोडियम १०९ असलेला रुग्ण शांत झोपला आहे, हे वाक्य नोंदवहीत येणेच मला पटत नाही. झोपलेला माणूस हाक मारल्यावर डोळे उघडतो, हात दाबा म्हटल्यावर दाबतो. ते न तपासता लिहिलेली झोप म्हणजे न केलेली तपासणी.

पर्याय

डॉक्टरांसमोर तीन वाटा होत्या. पाणी तोडून वाट पाहणे ही पहिली, आणि झटका आल्यावर ती बादच होती. दुसरी, चालू असलेले ०.९ टक्के सलाईन वाढवणे. त्यात सोडियम १५४ असते, म्हणजे आजींच्या रक्तापेक्षा जास्तच. पण मेंदूची सूज उतरवायला ते फार संथ पडते. तिसरी, ३ टक्के सलाईन. त्यात सोडियम ५१३.

३ टक्के सलाईन मोठ्या मध्यवर्ती शिरेतूनच द्यायचे, असे तिथल्या एका सिस्टरना शिकवले गेले होते, आणि मध्यवर्ती लाइन घालेपर्यंत थांबावे असे त्यांनी सुचवले. शंका चुकीची नव्हती, पण या वेळी थांबणे जास्त धोक्याचे होते. चांगल्या, मोठ्या हाताच्या शिरेतून छोटी मात्रा देता येते. जागा सुजते का, दुखते का, एवढे डोळ्यात तेल घालून पाहावे लागते.

हिशेबही तिथेच मांडला गेला. एक लिटर द्रव दिल्यावर सोडियम किती चढेल हे काढायला द्रवातल्या सोडियम-पोटॅशियमच्या बेरजेतून रक्तातले सोडियम वजा करायचे आणि शरीरातल्या पाण्यात एक मिळवून त्याने भागायचे. ५१३ वजा १०९ म्हणजे ४०४, भागिले २२, म्हणजे लिटरमागे सुमारे १८. शंभर मिलिलिटरमागे १.८. मेंदूचा धोका टाळायला ४ ते ६ ने वाढ पुरते.

काय केले

१०० मिलिलिटर ३ टक्के सलाईन दहा मिनिटांत दिले. आजी डोळे उघडत होत्या पण सांगितलेले करत नव्हत्या, म्हणून आणखी १०० दिले. लघवीसाठी कॅथेटर (नळी) घातला. थायझाइड बंद केले. १०.४० ला सोडियम ११३ आले आणि आजींनी सुनेला नावाने हाक मारली.

मग मर्यादा ठरली. जास्त धोक्याच्या रुग्णात २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ नको, म्हणून दुसऱ्या दिवशी रात्री ८ पर्यंत ११७ च्या वर जायचे नाही. घड्याळ पहिल्या नमुन्यापासून मोजायचे, झटक्यापासून नव्हे. हा आकडा मोठ्या अक्षरात खाटेच्या चार्टवर लिहिला गेला. त्या रात्री झालेल्या चांगल्या गोष्टींत ही पहिली.

पोटॅशियमसाठी ०.९ टक्के सलाईनच्या ५०० मिलिलिटरमध्ये २० मिलिमोल पोटॅशियम क्लोराइड घालून, नीट हलवून, पंपावर चार तासांत द्यायला सुरुवात झाली. रात्री ११ ते पहाटे ३. मॅग्नेशियमही दिले, कारण ते कमी असेल तर पोटॅशियम मूत्रपिंडातून गळतच राहते. ईसीजीत टी लहर चपटी आणि यू लहर दिसत होती, ही पोटॅशियम कमी असल्याची खूण. ऑन्डान्सेट्रॉनने ईसीजीतले क्यूटी हे अंतर लांबते आणि हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे पोटॅशियम माहीत नसताना आणि ईसीजीआधी ते दिले गेले, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

आदेशात पुढे लिहिले होते: सोडियम दर सहा तासांनी. पुढचा नमुना ४.३० ला.

दुसरा निर्णय: युरोबॅग

रात्री १ पर्यंत लघवी ताशी ३० ते ४० मिलिलिटर, गडद पिवळी. १ ते २ मध्ये ११०. २ ते ३ मध्ये २९०.

रात्रपाळीच्या सिस्टर अडीचला मोजायला वाकल्या तेव्हा त्यांना रंग जाणवला. टॉर्चच्या उजेडात युरोबॅगच्या, म्हणजे लघवी जमा होणाऱ्या पिशवीच्या, मागच्या बाजूचे आकडे लघवीतून आरपार वाचता येत होते. त्यांनी चार्टवर प्रमाणाच्या शेजारी लिहिले: पाण्यासारखी. तीन वाजता पंप वाजला, बाटली संपली होती. दुसरी तशीच बाटली भरून तयार होती, आदेशही होता. ती न लावता त्यांनी पट्टीने लघवीचे विशिष्ट गुरुत्व (स्पेसिफिक ग्रॅव्हिटी, म्हणजे ती किती दाट आहे ते) पाहिले आणि ३.१० ला फोन केला.

"सर, आजींची लघवी दोन तासांत चारशे झालीये."

"मग चांगलंय की, सिस्टर. डिहायड्रेशन भरून निघालं, किडनी काम करतेय."

"रंग पाण्यासारखा आहे, सर. स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ आलीये, संध्याकाळी १.०२० होती. सोडियमचा नमुना साडेचारचा आहे. आत्ता पाठवू का?"

"पाठवा." मग थोड्या वेळाने, "सलाईन चालू आहे?"

"संपलं. दुसरं लावलेलं नाही."

नमुना ३.२० ला डाव्या हातातून घेतला, कारण उजव्यात ड्रिप होती. ड्रिपच्या वरच्या बाजूने घेतलेल्या रक्तात बाटलीच उतरते आणि मग आकड्याचा भरवसा राहत नाही.

३.५० ला रिपोर्ट आला. सोडियम ११८, पोटॅशियम ३.१. दिवसभराची मर्यादा साडेसात तासांत ओलांडली गेली होती.

का, ते पाहू. आकारमान भरून आले, मळमळ थांबली, त्यामुळे एडीएच चालू ठेवणारी दोन्ही कारणे एकाच रात्री गेली. एडीएच बंद पडताच मूत्रपिंडांनी अडवून ठेवलेले पाणी मोकळे सोडले. थायझाइडचा जोरही ओसरत होता. म्हणजे उपचार फसला नव्हता. लागू पडला होता, आणि धोका त्यातूनच आला. बाटलीतले पोटॅशियम पेशींत जाते आणि तिथले सोडियम बाहेर येते, त्यामुळे ते २० मिलिमोल सोडियमच्याच खात्यात जमा होतात. त्या बाटलीचा हिशेब केला तर ११३ चे ११५ होणार होते. उरलेले तीन लघवीने चढवले: १ पासून ३.२० पर्यंत सुमारे अर्धा लिटर जवळजवळ निव्वळ पाणी गेले होते, आणि २१ लिटरमधून अर्धा लिटर पाणी गेले की ११५ चा आकडा पावणेतीनने वाढतो. आता लघवी ताशी तीनशेच्या वर होती. असेच चालले असते तर सकाळी ८ पर्यंत सोडियम १२५ च्या आसपास पोहोचले असते.

"किडनी काम करतेय" हे डॉक्टरांचे वाक्य खोटे नव्हते. लघवी वाढली की आपल्याला बरे वाटते, कारण आपण आयुष्यभर ती कमी झाल्यावर घाबरायला शिकलेलो असतो.

तिसरा निर्णय: चढलेले उतरवायचे का

वरिष्ठ डॉक्टरांना उठवले गेले. सगळे द्रव थांबवून नुसते लक्ष ठेवायचे, ही एक सूचना आली. पण लघवी थांबणार नव्हती, म्हणून चढही थांबला नसता. ५ टक्के डेक्स्ट्रोज देऊन गेलेले पाणी भरायचे, ही दुसरी. डेक्स्ट्रोजमधली साखर वापरली जाते आणि मागे पाणी उरते. पण ताशी तीनशेच्या मागे धावत राहणे कठीण. शेवटी डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखे काम करणारे औषध) २ मायक्रोग्रॅम आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे ३ मिलिलिटर, म्हणजे १३८ मिलिलिटर तासाला, असे ठरले. ४.१५ ला सुरू झाले.

वर्गात इथे हमखास हात वर होतो: ज्या एडीएचमुळे आजी आजारी पडल्या, त्याचेच भावंड पुन्हा द्यायचे? होय. मूत्रपिंडाचा नळ आपल्या हाताने बंद केला की आत किती पाणी जाते आणि बाहेर किती, हे आपल्याला ठरवता येते. मात्र तेव्हापासून पाण्याचा प्रत्येक घोट मोजला गेला पाहिजे. खाटेजवळची पाण्याची बाटली सिस्टरनी उचलून ठेवली आणि सुनेला कारण समजावले, कारण आजींना तहान लागली होती आणि सून पाणी पाजणारच होती.

पहिल्या तासात लघवी १८०, दुसऱ्यात ६०, पुढे ४०. सोडियम ६.१५ ला ११९, ८.१५ ला ११८, १०.१५ ला ११७. मग डेक्स्ट्रोज थांबवले, डेस्मोप्रेसिन दर आठ तासांनी चालू ठेवले. या काळात पोटॅशियम २.९ वर घसरले होते. डेक्स्ट्रोजने इन्सुलिन वाढते आणि ते पोटॅशियम पेशींत ढकलते. पोटॅशियम द्यावे तर सोडियम चढते, न द्यावे तर हृदय धोक्यात, अशी कात्री. तोंडाने थोडे थोडे करून दिवसभरात ४० मिलिमोल दिले आणि त्याने होणारी साधारण दोनची वाढ आधीच हिशेबात धरून मध्ये थोडे डेक्स्ट्रोज दिले.

परिणाम

रात्री ८ वाजता, २४ तासांनी, सोडियम ११७. ४८ तासांनी १२३, ७२ तासांनी १२९, सहाव्या दिवशी १३४. दरम्यान रोज दोनदा बोलणे, गिळणे आणि हातापायांचा जोर तपासला गेला. काही बिघाड आढळला नाही. आठव्या दिवशी आजी चालत घरी गेल्या. थायझाइड पुन्हा द्यायचे नाही असे डिस्चार्ज कार्डावर वरच्या बाजूला लिहिले, आणि रक्तदाबाला दुसऱ्या गटातले औषध सुरू झाले.

वेगळे काय करता आले असते

दवाखान्यात येण्याआधीची संधी सर्वात मोठी होती. थायझाइड सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत सोडियम-पोटॅशियम तपासले असते, आणि उलट्या-जुलाब सुरू झाल्यावर ही गोळी थांबवून विचारा असे कुणी सांगितले असते, तर बाकीची गोष्ट घडलीच नसती. जुलाबात साध्या पाण्याऐवजी ओआरएस द्यायचे हे घरात माहीत होते. ते लहान मुलांचे औषध आहे असा समज होता.

वॉर्डातली मोठी चूक मला सहा तासांच्या नमुन्यात दिसते. ३ टक्के सलाईन दिलेल्या रुग्णात सुरुवातीला दर दोन तासांनी सोडियम पाहायला हवे होते. तसे केले असते तर पावणेएकला एक आकडा आणि पावणेतीनला दुसरा मिळाला असता. दुसरी उणीव अशी की पोटॅशियमचा आदेश आणि सोडियमची मर्यादा वेगवेगळ्या कागदांवर होत्या, दोघांची बेरीज कुणी केली नाही. तिसरी बारीक वाटेल: ४६ किलो हे वजन सुनेने सांगितलेले होते. सगळा हिशेब ज्या २१ लिटरवर उभा होता, ते लिटर अंदाजाचे होते.

सिस्टरनी फोन चाळीस मिनिटे आधी करायला हवा होता का, हा प्रश्न आढाव्यात त्यांनी स्वतःच काढला. अडीचला रंग दिसला होता, फोन ३.१० ला झाला. त्यांचे म्हणणे असे की एका तासाच्या आकड्यावर डॉक्टरांनी ऐकले नसते. असेलही. त्यानंतर त्या वॉर्डाच्या चार्टवर एक ओळ छापली गेली: सोडियम कमी असलेल्या रुग्णाची लघवी ताशी १०० मिलिलिटरच्या वर गेली की रंग लिहा, नमुना पाठवा, मग फोन करा. नमुना पाठवायला आता आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

डेस्मोप्रेसिन पहिल्या ३ टक्के सलाईनबरोबरच सुरू करावे का, यावर त्या आढाव्यात दोन वरिष्ठांचे एकमत झाले नाही. एकांच्या मते अशा रुग्णात पाण्याचा हा लोट येणार हे संध्याकाळीच दिसत होते. दुसऱ्यांना भीती होती की नळ बंद असताना चुकून कुणी पाणी पाजले तर सोडियम पुन्हा खाली जाईल, आणि सुनेच्या हातातली ती बाटली त्यांनी उदाहरण म्हणून सांगितली.